शेऱ्याचा रकाना

मे महिना सरत आला, वळवाच्या एकदोन सरी येऊन गेल्या आणि धर्मग्रामातील शेतकरी राब भाजून पेरणीची वाट पाहू लागले, की आमच्या टेबलावर एक लांबरुंद कागद येऊन पडतो. त्याच्या माथ्यावर 'वार्षिक नियोजन' अशी अक्षरे छापलेली असतात आणि खाली रकाने आखलेले असतात : महिना, कामाचे दिवस, उपलब्ध तासिका, घटक, उपघटक, उद्दिष्टे, शैक्षणिक साधने, मूल्यमापन आणि सर्वांत शेवटी, उजव्या कडेला, शेरा. हा शेऱ्याचा रकाना अगदी अरुंद असतो. त्यात काय लिहावे हे कोणी सांगत नाही आणि त्यात काही लिहिले नाही म्हणून कोणी विचारीतही नाही.

धर्मगुरूने बहुपदी आणि समांतर रेषा यांच्या नादी का लागावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर साधे आहे. आमच्या धर्मग्रामाच्या शाळेतील गणिताचे शिक्षक २०१८ साली निवृत्त झाले, त्यांची जागा भरण्यास मान्यता मिळेना, आणि गणिताची पदवी व बी.एड. पदरी असलेला माणूस शाळेच्या आवारातच राहत होता. 'तात्पुरते नववीचे गणित घ्या' असे ठरले. तात्पुरत्या गोष्टी किती दीर्घायुषी असतात, हे वाचकांना सांगावयास नकोच.

संत लूकच्या शुभवर्तमानातील चौदाव्या अध्यायात बुरूज बांधावयास निघालेल्या माणसाचा दाखला आहे. आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, नाही तर पाया घालून काम अर्धवट राहते आणि लोक हसतात, असा त्याचा आशय. सेमिनरीत असताना या दाखल्यावर आम्ही प्रवचने लिहिली होती. पण हिशेब करण्यास खरोखर बसलो ते या कागदापुढे.

तो हिशेब वाचकांपुढे मांडतो, कारण आपल्या मुलांचे वर्ष कसे खर्च होते हे पालकांना क्वचितच ठाऊक असते. वर्षाचे दिवस ३६५. त्यांतून ५२ रविवार वजा. शासनाच्या नियमाप्रमाणे दिवाळी, नाताळ, उन्हाळा व इतर सर्व सण मिळून ७६ सुट्या, त्या वजा. उरले २३७. घटक चाचण्या, सत्र परीक्षा व वार्षिक परीक्षा यांचे २४ दिवस गेले. क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन, सहल आणि विज्ञान प्रदर्शन यांचे ९. अतिवृष्टी, निवडणुका व अवचित येणाऱ्या अडचणींसाठी ६. वार्षिक परीक्षा झाल्यापासून निकाल लागेपर्यंत शाळा चालू असते, पण शिकवणे नसते, ते १८. अशा रीतीने शिकवण्यासाठी हाती उरतात १८० दिवस, म्हणजे सहा दिवसांचे ३० आठवडे. आमच्या वेळापत्रकात गणिताला आठवड्याला ७ तासिका. म्हणजे वर्षाच्या २१० तासिका. २०१७ साली नववीची जी पाठ्यपुस्तके आली, त्यांत पहिल्या भागात बीजगणिताची ७ व दुसऱ्या भागात भूमितीची ९ प्रकरणे. एकूण १६. दोनशे दहाला सोळाने भागले की प्रत्येक प्रकरणाला १३ तासिका येतात आणि बाकी उरते २.

पहिल्या वर्षी, म्हणजे जून २०१८ मध्ये, आम्ही हा भागाकार मोठ्या समाधानाने केला. कोठे एक तासिका वाढवली, कोठे एक कमी केली आणि उरलेल्या दोन तासिका 'उजळणी' म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस टाकल्या. कागद सुवाच्य अक्षरात भरला. वर्षभर त्या कागदाशी एकनिष्ठ राहिलो. नाताळच्या कार्यक्रमाच्या सरावासाठी मुले वर्गाबाहेर गेली, तर शाळा सुटल्यावर थांबवून आम्ही ती तासिका भरून काढीत असू. अभ्यासक्रम ठरल्या दिवशी पूर्ण झाला. मुख्याध्यापकांनी सभेत आमच्या नियोजनाचे उदाहरण दिले, आणि खोटी विनयशीलता न बाळगता सांगावयाचे तर, आम्हांला ते आवडले.

मग निकाल लागला. गणितात अनुत्तीर्ण झालेल्यांच्या यादीत एक मुलगा होता. त्याचे नाव येथे देत नाही. तो मिस्सेच्या वेळी वेदीवर सेवा करणारा, शांत, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा मुलगा. वर्गात तो मागच्या बाकावर बसे, पण वही कधी अपुरी नसे. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो आला नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. चौकशी केली तेव्हा कळले की, तो मामाच्या ग्रिलच्या कारखान्यात कामास लागला आहे.

एका संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. वडील भाजीचा टेम्पो घेऊन दादरला गेलेले. आई ओटीवर बसून मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती. तिने लगबगीने खुर्ची पुढे केली आणि आम्ही काही बोलण्याआधीच म्हणाली, "फादर, त्याला रागावू नका. त्याचं डोकंच नाही गणितात. माझंपण नव्हतं." मुलगा दाराआड उभा होता. आम्ही त्याची गेल्या वर्षीची वही मागितली. रद्दीत जावयाची राहिलेली ती वही त्याने आणून दिली.

वर्षभर आम्हीच तपासलेली ती वही. लाल शाईच्या फुल्या आमच्याच हातच्या. पण सलग, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, ती आम्ही त्या संध्याकाळी प्रथमच वाचली. जुलैतील पानावर (-३) + (-४) याचे उत्तर +७ होते. पुढे बहुपदींत -२क्ष - ५क्ष यांची बेरीज +७क्ष होती. रेषीय समीकरणांत तेच. निर्देशक भूमितीत रेषेचा आलेख काढताना -२ - ४ याच्या जागी +६ घेतल्यामुळे बिंदू आलेखाच्या भलत्याच टोकाला गेला होता. एवढ्या साऱ्या फुल्या, पण चूक एकच होती. सातवीत केव्हा तरी 'ऋण ऋण धन' हे सूत्र त्याने पाठ केले होते. गुणाकाराचा तो नियम तो बेरजेलाही लावीत होता. एका अर्थाने वर्गात त्याच्याइतका नियमनिष्ठ विद्यार्थी दुसरा नव्हता. त्याने तो नियम एकदाही मोडला नव्हता, आणि तरी प्रत्येक वेळी शून्य घेऊन तो मुकाट्याने पुढच्या प्रकरणाकडे, आमच्या नियोजनाप्रमाणे, चालत राहिला होता.

आम्ही त्याला शेजारी बसवून विचारले, "मामाचे तीन रुपये देणे आहेत आणि दुकानदाराचे चार. एकूण काय झाले?" तो म्हणाला, "सात द्यायचे." "द्यायचे की मिळायचे?" तो हसला. मग वहीकडे पाहून एकदम गंभीर झाला. एका प्रकरणाला तेरा तासिका देणाऱ्या आम्हांला त्या ओटीवर जेमतेम वीस मिनिटे लागली. त्याने पाच-सहा उदाहरणे बरोबर सोडवून दाखविली. परंतु तो शाळेत परत आला नाही. कामाचे पैसे मिळू लागले होते आणि धाकट्या भावंडांबरोबर पुन्हा नववीत बसण्याची लाज वाटत होती. त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. चूक त्या मुलाची होती खरी; पण ती चूक दहा महिने आमच्या टेबलावर येत होती आणि आम्ही तिच्यावर फक्त फुली मारीत होतो.

अशा वेळी मनास जुनी वाचलेली एखादी गोष्ट आठवते. आम्हांला ख्रिस्तोफर क्लाव्हियस आठवले. १५३८ साली जर्मनीतील बाम्बेर्ग येथे जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू आयुष्यभर रोमच्या महाविद्यालयात गणित शिकवीत राहिले व १६१२ साली तेथेच निवर्तले. आज आपल्या भिंतीवर जी दिनदर्शिका लटकते, तिच्या सिद्धतेत त्यांचा मोठा वाटा आहे. जुन्या ज्युलियन पंचांगात वर्ष ३६५ दिवस व ६ तासांचे धरले जाई. खरे सौर वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान. अकरा मिनिटे म्हणजे काय? एका वर्षी कोणाच्या ध्यानातही येणार नाहीत. पण ती दर वर्षी साठत गेली आणि सुमारे १२८ वर्षांत त्यांचा एक दिवस झाला. इसवी सन ३२५ च्या निकेया धर्मपरिषदेच्या काळी २१ मार्चच्या सुमारास येणारा वसंतसंपात सोळाव्या शतकात १० दिवस आधीच येऊ लागला. पुनरुत्थानाचा सण ज्या पौर्णिमेवरून ठरतो तो हिशेबच सरकला. अखेर पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली नवी दिनदर्शिका लागू केली. गुरुवार, ४ ऑक्टोबरनंतर दुसऱ्या दिवशी शुक्रवार, १५ ऑक्टोबर उजाडला. आविलाची संत तेरेजा त्याच रात्री प्रभुघरी गेली, म्हणून तिचा सण आपण १५ ऑक्टोबरला साजरा करतो. मूळ योजना इटलीतील वैद्य आलॉयसियस लिलियस यांची. तिचे गणित जगाला समजावून सांगण्याचे व टीकाकारांना उत्तरे देण्याचे काम फादर क्लाव्हियस यांनी केले.

ही हकिगत आम्ही वर्गात अनेकदा सांगितली होती. परंतु तिचा रोख आमच्याकडे आहे, हे त्या वहीने दाखविले. जे मूल दर वर्षी थोडेसे न समजता पुढे ढकलले जाते, त्याची अकरा मिनिटे साठत असतात. नववीत येईपर्यंत त्यांचे दहा दिवस होतात. मग त्याच्या पुस्तकावर तारीख एक असते आणि त्याच्या मनातील पंचांगात दुसरीच. शिक्षक मात्र पुस्तकावरच्या तारखेने शिकवीत असतो.

पंचांगाच्या दुरुस्तीतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही की, साठलेला फरक एकदाच धैर्याने भरून काढावा लागतो. त्यासाठी दहा दिवसांवर पाणी सोडण्याची तयारी हवी. दुसरी ही की, तो पुन्हा साठू नये म्हणून कायमची व्यवस्था हवी. नव्या दिनदर्शिकेने चारशे वर्षांतील शंभर लीप वर्षांतून तीन वगळून ९७ ठेवली, ती याचसाठी. मे महिन्यात भरलेला नियोजनाचा कागद आम्ही मुख्याध्यापकांकडून परत मागून घेतला आणि जूनच्या अखेरीस पुन्हा लिहावयास बसलो.

२१० तासिकांतून आम्ही ४० बाजूला काढल्या. त्यांपैकी पहिल्या १२ सलग, जुलैच्या आरंभी. त्यांत नववीचे एकही प्रकरण नाही. उरलेल्या २८ प्रत्येक आठवड्यातून एक, शनिवारची. शनिवारी नवे काही शिकवावयाचे नाही; त्या आठवड्यात ज्याचे जे अडले ते काढावयाचे. ही कल्पना आमची, असे आम्हांला काही दिवस वाटत होते. पुढे येशूसंघाची १५९९ सालची शिक्षणसंहिता चाळताना आढळले की, गणिताच्या अध्यापकाने युक्लिडची भूमिती सुमारे पाऊण तास शिकवावी आणि महिन्यातून एकदा, बहुधा शनिवारी, नवा पाठ न घेता महिनाभरातील मुख्य मुद्द्यांची उजळणी करावी, असे तीत सांगितलेले आहे. वसईच्या किल्ल्यात ज्यांच्या महाविद्यालयाचे भग्नावशेष आपण सहलीत मुलांना दाखवितो, त्यांच्या संघाला ही शनिवारची गरज चारशे वर्षांपूर्वी कळली होती.

उरलेल्या १७० तासिका सोळा प्रकरणांत वाटताना भागाकार सोडून दिला. प्रकरणे ही काही एका मापाच्या विटा नव्हेत. संचांना व अर्थनियोजनाला प्रत्येकी ८, बहुपदींना १४, त्रिकोणाला १६, आणि उरलेल्या बारा प्रकरणांना मिळून १२४. कोणते प्रकरण कोणाच्या खांद्यावर उभे आहे हेही पाहिले. त्रिकोणमितीला आधी गुणोत्तर व समरूप त्रिकोण हवेत. शंकूच्या पृष्ठफळाला पायथागोरसचा सिद्धान्त हवा आणि त्यासाठी वर्गमूळ. निर्देशक भूमितीला ऋण संख्या तर श्वासासारख्या हव्यात. म्हणून बीजगणिताच्या चार व भूमितीच्या तीन अशा आठवड्याच्या तासिका लावून दोन्ही पुस्तके शेजारी शेजारी चालतील अशी रचना केली.

त्या पहिल्या बारा तासिकांचा आरंभ दहा प्रश्नांच्या एका कागदाने झाला. गुण देणार नाही, असे आधीच सांगितले. (-३) + (-४) किती? १/२ + १/३ किती? ३अ + २ब ही बेरीज पुढे करता येते का? ९ + १६ यांच्या बेरजेचे वर्गमूळ किती? जवळजवळ निम्म्या मुलांनी पहिल्याचे उत्तर +७ लिहिले. अंशात अंश व छेदात छेद मिळवून २/५ लिहिणारे त्याहून थोडे अधिक निघाले. ५अब लिहिणारेही पुष्कळ होते. वर्गमूळ ५ ऐवजी ७ आणणारे तर हुशार म्हणून गणलेलेही होते. प्रत्येक चुकीला एक कारण होते, आणि कारण कळले की चूक मुलाची शत्रू राहत नाही. आम्ही उत्तरांचे ढीग गुणांप्रमाणे न लावता चुकांप्रमाणे लावले, आणि एकेका ढिगाला दोन-तीन तासिका दिल्या.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एक गृहस्थ रविवारच्या मिस्सेनंतर भेटण्यास आले. त्यांची मुलगी वर्गातील चांगल्या विद्यार्थिनींपैकी एक. ते आदराने, पण स्पष्टपणे म्हणाले, "फादर, शेजारच्या शाळेत तिसरं प्रकरण संपत आलं. आमची मुलगी अजून दुसऱ्यात आहे. जुलैत ती अपूर्णांकांच्या बेरजा करत होती. त्या तिला पाचवीपासून येतात. मागच्यांसाठी तिने का थांबायचं?"

हरवलेल्या मेंढराचा दाखला आमच्या ओठांवर आला होता, पण आम्ही तो गिळला. कारण त्या गृहस्थांचे म्हणणे खोटे नव्हते. दाखल्यातील मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे रानात ठेवून एकाच्या शोधास जातो. शिक्षकाला नव्याण्णवांना रानात ठेवण्याचा अधिकार नाही. त्यांचे आईबाप फाटकाशी उभे असतात आणि त्यांचेही वर्ष एकदाच येते. आम्ही त्यांना म्हणालो, "तुमची तक्रार रास्त आहे. मला पंधरा दिवस द्या."

त्या पंधरा दिवसांत शनिवारच्या तासिकेचे दोन भाग झाले. ज्यांचे अडलेले नसे त्यांना स्वतंत्र काम दिले. चारशे वर्षांत ९७ लीप वर्षे असतील तर वर्षाची सरासरी लांबी किती दिवसांची? उत्तर ३६५.२४२५. पुनरुत्थान रविवार २२ मार्चच्या आधी व २५ एप्रिलनंतर का येत नाही? ही कामे त्या मुलीने व तिच्या मैत्रिणींनी झपाट्याने उचलली. काहींना आम्ही शेजारच्या मुलाला समजावून सांगण्याचे काम दिले. परंतु सक्ती केली नाही, कारण शिकवणे हे प्रत्येकाला जमते असे नाही आणि शिकवण्यासाठी ती शाळेत आलेली नसतात. हा तोडगा सर्वस्वी समाधानकारक होता असे आम्ही म्हणणार नाही. ते गृहस्थ पुन्हा तक्रार घेऊन आले नाहीत, एवढेच खरे.

नियोजनाचा आणखी एक लाभ असा की, ज्या गोष्टी हंगामाप्रमाणे कराव्यात त्या हंगामात करता येतात. हे शेतकऱ्याला कळते. शाळेला उशिरा कळले. सांख्यिकीचे प्रकरण जानेवारीत येणार होते, पण त्याची पेरणी आम्ही जुलैत केली. सरळ बाजूंचा एक डबा शाळेच्या गच्चीवर ठेवला आणि मुलांनी आळीपाळीने रोज सकाळी पट्टी लावून पाऊस मिलिमीटरमध्ये नोंदविला. २०१९ चा पाऊस वसईकरांच्या चांगला स्मरणात आहे. मध्य, मध्यक आणि बहुलक काढावयास जानेवारीत बसलो तेव्हा त्या आकड्यांत आपापल्या अंगणात शिरलेले पाणी मुलांना दिसत होते. त्रिकोणमितीच्या आधी समरूपतेची उजळणी डिसेंबरात ठेवली, कारण सावली हवी असेल तर ऊन हवे. एक मीटर उंचीच्या काठीची सावली ८० सेंटिमीटर पडली त्याच क्षणी चर्चच्या बुरुजाची सावली बुंध्यापासून १६ मीटर भरली; बुरुजाची उंची २० मीटर निघाली. लूकच्या शुभवर्तमानातील बुरुजाचा खर्च आम्हांला अजून काढता आलेला नाही, पण आमच्या बुरुजाची उंची तरी नववीच्या मुलांनी काढली.

अर्थनियोजनाचे प्रकरण आम्ही फेब्रुवारीत नेऊन ठेवले. त्यात प्राप्तिकराची आकडेमोड आहे आणि करांचे दर बदलत असल्याने पुस्तकातील कोष्टक जुने होते. २०१७ पासून केंद्रीय अर्थसंकल्प १ फेब्रुवारीस मांडला जाऊ लागला. २०२० साली तो दिवस नेमका शनिवार होता, आणि त्या अर्थसंकल्पात करदात्यांपुढे जुन्या पद्धतीबरोबर एका नव्या पद्धतीचा पर्याय ठेवला गेला. पुढील आठवड्यात मुलांनी एकाच उत्पन्नावर दोन्ही पद्धतींनी कर काढून पाहिला. कित्येकांनी ती वही घरी वडिलांना दाखविली, आणि एरवी 'गणित काय कामाचे' असे म्हणणाऱ्या घरांत त्या रात्री गणितावर चर्चा झाली असे आमच्या कानांवर आले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. त्रिकोण रचनेचे प्रकरण घाईत झाले. उदाहरणसंग्रहातील निम्मी उदाहरणे वर्गात घेता आली नाहीत. आणि निकालाचे म्हणाल, तर मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या व त्या वर्षी नववीची वार्षिक परीक्षाच झाली नाही. आमचे नवे नियोजन सफल झाले की निष्फळ, हे सांगणारा आकडा आम्हांला मिळालाच नाही. पूर्वीचे आम्ही असतो तर यामुळे हिरमुसलो असतो.

पुढच्या वर्षी शासनाने अभ्यासक्रम २५ टक्के कमी केला. ते आवश्यकच होते. परंतु पुस्तकातील पाने कमी करता येतात, मुलाच्या पायाखालची सुटलेली पायरी कमी करता येत नाही. महामारीनंतर जी मुले नववीत आली त्यांची सातवीची अखेर व आठवी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गेली होती, आणि ज्या घरात तीन भावंडांत एकच भ्रमणध्वनी होता तेथे तीही नीटशी गेली नव्हती. त्या वर्षी आम्ही बारा तासिकांच्या चोवीस केल्या. या वेळी कोणी गृहस्थ तक्रार घेऊन आले नाहीत. सर्वांच्याच घरी अकरा मिनिटे साठली होती.

त्या मुलाविषयी वाचक विचारतील. २०२२ साली तो सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीस बसला आणि उत्तीर्ण झाला. पेढे घेऊन आला तेव्हा त्याच्या बोटांवर वेल्डिंगचे बारीक डाग होते. हे श्रेय त्याचे, त्याच्या आईचे आणि रात्री दुकान बंद करून त्याला अभ्यासाला बसविणाऱ्या मामाचे. आमच्या वाट्याला त्यात वीस मिनिटे येतात, आणि तीही एक वर्ष उशिरा. आम्ही त्याला तसे म्हणालोही : "बाळा, ती चूक मला आधी दिसायला हवी होती." तो संकोचून म्हणाला, "फादर, मीही कुठे विचारलं होतं?" त्याने विचारले नव्हते हे खरे. पण विचारण्यासाठी आमच्या कागदावर जागाच नव्हती. २०८ तासिका प्रकरणांच्या होत्या आणि उरलेल्या दोन फेब्रुवारीत होत्या.

आता पालकांना एक विनंती. शाळेत सभेस येता तेव्हा 'पुस्तक किती झाले?' असे आपण विचारता. हा प्रश्न आम्हां शिक्षकांना सोपा पडतो, कारण त्याचे उत्तर कागदावर तयार असते. त्याऐवजी 'आमच्या मुलाचे कोठे अडले आहे?' असे विचारा. प्रारंभी आम्ही गडबडू. कदाचित आम्हांला सांगता येणार नाही. पण दोनचारदा विचारलेत, तर आम्हांला पाहावे लागेल. आणि घरी मुलाने शून्य गुणांची वही दाखविली तर 'याचे डोके नाही' असा निकाल देण्यापूर्वी सगळ्या फुल्या एकदा सलग वाचून पाहा. पुष्कळ वेळा ती एकच चूक असते. पापनिवेदनास येणाऱ्यांच्या बाबतीतही आमचा अनुभव फारसा वेगळा नाही. माणूस लांबलचक यादी घेऊन येतो आणि शांतपणे ऐकून घेतले तर मुळाशी एखादीच गोष्ट सापडते.

प्रतिवर्षी आमच्या टेबलावर तो कागद येतो. ३६५ दिवसांतून वजाबाकी आम्ही आजही तशीच करतो. तिच्यावाचून गत्यंतर नाही. मात्र शेऱ्याचा रकाना आम्ही आता पट्टीने रुंद करून घेतो. त्यासाठी 'उद्दिष्टे' या रकान्यातून दोन बोटे जागा काढावी लागते. त्या रकान्यात प्रत्येक शनिवारी कोणाचे काय अडले ते पेन्सिलीने लिहितो, आणि सुटले की खोडतो. वर्षअखेरीस तेथे काही नावे न खोडलेली राहतात. तो कागद मुख्याध्यापकांच्या हाती देण्यापूर्वी आम्ही तो एकदा चर्चमध्ये नेतो आणि राहिलेली नावे वेदीपुढे मनातल्या मनात वाचतो. मग ती वेगळ्या कागदावर उतरवून दहावीच्या शिक्षकांकडे पोहोचवितो, कारण प्रार्थनेने आमचे काम संपत नाही.